घट

त्या पोराला मी बाबांचा प्रश्न नीट सांगितलाच नाही. बाबांचा शब्द होता ‘अशुद्ध’. तो मी गिळला आणि त्याच्या जागी काहीतरी गुळमुळीत इंग्रजी बोलले. पोरगा हसला, आमच्याबरोबरची पंधरा-वीस माणसं हसली, त्यांच्या नादानं मीही हसले, आणि बाबा तेवढे त्या तांब्याच्या उंच खांबाकडे मान वर करून बघत राहिले. वर्ष उलटून गेलं त्याला. पण भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर, मधूनच ते हसू आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

मी सिनसिनाटीत राहते. ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की केंटकी. आईबाबा तिसऱ्यांदा आले तोवर नायगारा, वॉशिंग्टन, शिकागो सगळं बघून झालं होतं आणि आईचे गुडघे आणखी चालायला तयार नव्हते. एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, ‘‘इथे म्हणे डिस्टिलरी दाखवतात, तिकीट लावून?’’ आवाजात अविश्वास होता. त्यांनी स्वतः चौतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून काढली. तिथे आत यायला कुणी पैसे दिले असते असं वाटत नाही, नवखा माणूस वासानंच फाटकावरून परतायचा. कॉलनीत आम्हाला तो वास यायचाच नाही. आंबलेल्या गुळासारखा, थोडा जळका, आणि स्पेंटवॉशच्या, म्हणजे स्पिरिट काढून उरलेल्या सांडपाण्याच्या, तळ्यावरून वारा सुटला की मात्र आम्हालाही नको होणारा. पाहुण्या बायका नाकाला पदर लावून घरात यायच्या तेव्हा कळायचं की हं, आज वास आहे.

आणि बाबा माळकरी. आजोबांनी घातलेली तुळशीची माळ शर्टाच्या आत, बाहेर हातात स्पिरिटची ताकद मोजायचा हायड्रोमीटर. हाताखालून रोज हजारो लिटर स्पिरिट जायचं, जिभेवर थेंब कधी गेला नाही. गावात खवचट लोक ‘माळकऱ्याची भट्टी’ म्हणायचे. नोकरी कुठे, असं कुणी विचारलं तर बाबा ‘साखर कारखान्यात’ एवढंच सांगायचे. खोटं नव्हतं ते. शाळेच्या फॉर्मवर मीही तेच लिहायचे.

महामार्गावर बर्बन ट्रेलची, म्हणजे इथल्या मक्याच्या व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्यांच्या वाटेची, तपकिरी पाटी आली. ‘‘बोर्बन,’’ बाबांनी मोठ्यानं वाचलं. ‘‘ती बिस्किटं इथली का?’’ मागच्या सीटवरून आई म्हणाली, ‘‘पगाराच्या दिवशी आणायचात ती.’’ मला एकदम वरचे साखरेचे दाणे आठवले, आधी दातांनी खरवडून खायचे, मग आतलं क्रीम. बिस्किटं इथली नव्हेत. ती लंडनच्या पीक फ्रीन्सनं १९१० मध्ये काढली आणि त्यांना फ्रान्सच्या राजघराण्याचं नाव दिलं. गंमत म्हणजे केंटकीतल्या बर्बन काउंटीचं नावही त्याच घराण्यावरून आलंय. इंग्रजांविरुद्धच्या लढाईत फ्रेंचांनी मदत केली त्याची ही परतफेड, आणि त्या काउंटीच्या मुख्य गावाचं नाव पॅरिस. दारूला हे नाव काउंटीवरून मिळालं की न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरून, यावर इथले लोक अजून भांडतात. बाबांना मी सांगितलं, इथे ‘बर्बन’ म्हणतात. त्यांनी मान डोलावली आणि शेवटपर्यंत बोर्बनच म्हटलं.

बार्ड्सटाउन जवळ आलं तशी झाडं काळी दिसायला लागली. ऑक्टोबरचा शेवट, बाकी सगळीकडे पानं पिवळी-लाल, आणि इथे बुंधे, कुंपणाचे खांब, गोदामांच्या भिंती काजळी धरल्यासारख्या. आईला वाटलं आग लागून गेली असेल. बाबांनी काच खाली केली, नाक बाहेर काढलं, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, ‘‘बुरशी आहे. स्पिरिटच्या वाफेवर जगते.’’ त्यांच्या आवाजात ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होता. त्या बुरशीला शास्त्रज्ञांनी बॉडोइनिया म्हटलंय आणि गोदामांच्या शेजारी राहणारे लोक तिच्यापायी कोर्टात गेलेत, हे मी नंतर वाचलं. घराची भिंत, गाडी, अंगणातल्या खुर्च्या, सगळ्यावर चढते. आमच्याकडे स्पेंटवॉशनं विहिरींचं पाणी तांबडं झालं तेव्हा शेजारचे शेतकरी कारखान्याच्या दारात बसले होते. मी सहावीत होते. बाबा त्या आठवड्यात घरी जेवायला यायचे ते मागच्या वाटेनं.

आमचा वाटाड्या पंचविशीचा, तांबूस दाढीचा. बर्बनची व्याख्या त्यानं बोटांवर मोजत सांगितली, भटजी संकल्प सोडताना म्हणतात तशी, भरभर आणि कुठेही न अडखळता. अमेरिकेत बनलेली हवी. धान्यात मका किमान ५१ टक्के हवा. आतून जाळलेल्या ओकच्या कोऱ्या भांड्यात मुरलेली हवी. आणि पाण्याखेरीज बाहेरचं काही घालायचं नाही, रंग नाही, वास नाही, साखर नाही. १९६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं ठराव करून सांगितलं की हे खास आमच्या देशाचं पेय. केंटकीतच झालं पाहिजे असं मात्र कायद्यात नाही, हे सांगताना पोराचा चेहरा जरा पडला, आणि लगेच सावरून तो म्हणाला की आमच्या राज्यात माणसांपेक्षा पिपं जास्त आहेत. ते खरं आहे. माणसं पंचेचाळीस लाखांच्या आसपास, पिपं एक कोटीच्या कितीतरी वर.

मक्याबरोबर राय घालतात, असं मी भाषांतर केलं तर आई म्हणाली, ‘‘राई? मोहरी घालतात?’’ राय म्हणजे गव्हासारखंच एक थंडीतलं धान्य, आपल्याकडे ते कुणी पाहिलेलंही नाही. त्यानं तिखटपणा येतो, मिरीसारखा. काहीजण त्याच्या जागी गहू घालतात, मग चव मऊ होते. आणि थोडं मोड आणून वाळवलेलं सातू. मका आधी भरडून जवळजवळ उकळत्या पाण्यात शिजवतात, दाट लापशी होते. ती जरा निवली की सातू घालतात, आणि मग ती लापशी बघता बघता पातळ आणि गोड होत जाते. हे आईला माझ्याआधी कळलं. ‘‘नाचणीचं सत्त्व,’’ ती म्हणाली. बरोबरच की. मोड न आणलेल्या नाचणीची पेज खळ होते, मोड आणलेलीची पातळ आणि गोडसर. तुला यावरच वाढवलं, असंही तिनं ऐकवलं. बाबांना यातला मोडाचा भाग नवा नव्हता पण हेवा वाटण्यासारखा होता. ‘‘आमच्या मळीत साखर तयारच,’’ ते म्हणाले. ‘‘यांना आधी साखर करावी लागते. एवढा खटाटोप!’’

लाकडी टाक्यांमध्ये ते पिवळं आंबवण बुडबुडत होतं. वरून बुडबुड्यांचा थर, त्यावर मक्याची सालं, आणि वास पावाचा, केळ्याचा, थोडा ताकाचा. पोरगा म्हणाला, आधीच्या घाण्यातलं आंबट पाणी पुढच्यात घालतात, ‘सावर मॅश’. मी हौसेनं बाबांना म्हटलं, म्हणजे विरजण! बाबांनी ताबडतोब नापास केलं. विरजण जिवंत असतं, हे तर दारू काढून झाल्यावर तळाला उरलेलं पाणी, उकळून निघालेलं, त्यात जिवंत काय राहणार? त्यातला आंबटपणा तेवढा कामाचा. यीस्टला आंबट चालतं, बाकीच्या जिवाणूंना चालत नाही. हेच काम बाबा सल्फ्युरिक ॲसिडनं करायचे. चिनी मातीचं भांडं, रबरी हातमोजे, पँटवर पडलेली बारीक भोकं. आई ती पँट रफू करायला बसायची आणि दर वेळी म्हणायची की एक दिवस डोळे घालवून बसाल. इथे ही पद्धत शिस्तीत बसवली ती जेम्स क्रो नावाच्या स्कॉटलंडहून आलेल्या माणसानं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. तो लिटमस कागद आणि हायड्रोमीटर घेऊन फिरायचा म्हणे. बाबांनी त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं.

पाण्याचीही एक गोष्ट झाली. इथे जमिनीखाली चुनखडी आहे. पाण्यात चुना भरपूर, लोखंड जवळजवळ नाही. चुना म्हटल्यावर बाबांना आधी बॉयलरमधल्या खपल्या दिसल्या. मग लोखंडाचं त्यांनी स्वतःच जुळवलं. लाकडातून टॅनिन उतरणार, त्याला लोखंड भेटलं की काळंशार, आवळा लोखंडी विळीवर चिरल्यासारखं.

आणि मग दारू गाळायचा तो तांब्याचा खांब.

पोरगा म्हणाला, दारूची ताकद प्रूफमध्ये मोजतात, आणि कायद्यानं १६० प्रूफच्या वर काढायची नाही, पिपात भरताना १२५ च्या वर नको, बाटलीत ८० च्या खाली नको. मी आकडे सांगितले आणि बाबा गडबडले. त्यांचं सगळं आयुष्य इंग्रजी प्रूफमध्ये गेलेलं, यू.पी. आणि ओ.पी.च्या, म्हणजे प्रूफच्या खाली किती आणि वर किती, अशा हिशेबात, जिथे शंभर प्रूफ म्हणजे ५७ टक्क्यांच्या थोडं वर. तिकिटाच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी मांडलं, खोडलं. अमेरिकेतलं प्रूफ म्हणजे सरळ टक्क्यांची दुप्पट, हे मी फोनवर शोधून सांगितलं. ‘‘म्हणजे ८० टक्के?’’ ते म्हणाले. ‘‘फक्त ८० वर थांबतात?’’ त्यांचं स्पिरिट ९५ च्या आसपास निघायचं. खाली उतरलं की रात्रपाळीत घरी सायकलवरून माणूस यायचा. चाळीसेक थाळ्यांचा उंच स्तंभ, त्यातून फ्युजेल ऑइल वेगळं काढायचं, अल्डिहाइड वेगळी काढायची, जे जे वास मारतं ते ते बाहेर. ज्याचं स्पिरिट नाकाला काहीच सांगत नाही तो केमिस्ट चांगला. आणि इथे सरकारच सांगतंय की याच्यापुढे साफ करू नका. साफ केलंत तर धान्याचा वास जाईल, आणि मग तिला ते नाव लावता येणार नाही.

तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. ‘‘म्हणजे कायद्यानं अशुद्ध ठेवतात? विचार त्याला.’’

मी विचारलं की माझे वडील म्हणतायत, आणखी वर का नाही नेत? पोरगा म्हणाला, ‘‘मग आम्हाला व्होडका विकावी लागेल, सर!’’ हशा. आता सांगते, मला तो शब्द लाजेमुळे सांगता आला नाही. वीस अनोळखी माणसांसमोर, टोपी घातलेले, स्वेटरखाली माळ असलेले माझे वडील तुमच्या दारूला अशुद्ध म्हणतायत, हे इंग्रजीत फार वाईट ऐकू आलं असतं. मराठीत तसं नव्हतं. मराठीत तो एका केमिस्टचा प्रश्न होता, सरळ, आणि त्यात थोडा हादरा होता.

पोरानं मग एका बरणीतून प्रत्येकाच्या तळहातावर ताजी, पाण्यासारखी स्वच्छ दारू थोडी थोडी ओतली. तिला ‘व्हाइट डॉग’ म्हणतात. सगळे चाटायला लागले. बाबांनी हात हातावर चोळले, जोरात, आरतीनंतर चोळतात तसे, आणि ओंजळ नाकाशी नेली. पोरगा बघतच राहिला, कारण पुढे तो हेच करून दाखवणार होता. पहिल्यांदा नुसता स्पिरिटचा भपका जातो, मग मागे जे उरतं ते धान्य. बाबा बराच वेळ ओंजळीत नाक घालून उभे होते. ‘‘भरडा,’’ ते म्हणाले. ‘‘म्हशीचा.’’ मीही हुंगलं. खरंच, आत्याच्या गोठ्यात पत्र्याच्या डब्यात मक्याचा भरडा असायचा, तो कोरडा, गोड, किंचित धुळीचा वास. ‘‘आमच्याकडे चोळल्यावर हाताला काही उरलं,’’ बाबा म्हणाले, ‘‘तर माल नापास.’’

गोदाम सात मजली होतं, लाकडी सांगाड्याचं, पत्र्यानं मढवलेलं. आत अंधार, गार, आणि वास असा की आई दारातच थांबून म्हणाली, ‘‘कुणी केक केलाय का?’’ फळ्यांच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या आणि पिपं आडवी, ओळीनं, वरपर्यंत. एका पिपात साधारण दोनशे लिटर. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात भट्टी होते, खालचा मजला गारच राहतो. त्यामुळे एकाच दिवशी भरलेली दोन पिपं दोन चवींची निघतात. उन्हाळ्यात दारू फुगते आणि लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून बाहेर येते, येताना लाकडातलं काही घेऊन येते. असा तिचा श्वास चालू राहतो. पीप आतून पेटवून देतात, बहुधा मिनिटभराच्या आतच, भिंत मगरीच्या पाठीसारखी भेगाळेपर्यंत. वरचा कोळसा कच्च्या दारूतला गंधकाचा वास ओढून घेतो, आणि कोळशाच्या मागे जिथे आग पोचली नाही पण धग पोचली, तिथे लाकडाच्या आतल्या साखरा करपून तांबडा थर झालेला असतो. रंग तिथून येतो. सगळा रंग. जाळलेल्या पिपाची युक्ती एलायजा क्रेग नावाच्या पाद्र्याला सुचली अशी इथली दंतकथा आहे. तिला पुरावा नाही, पण देवाच्या माणसानं दारूला वळण लावलं हे सगळ्यांनाच आवडतं. मी बाबांच्या माळेकडे बघितलं नाही.

दारावर एक जुनं जाड कुलूप शोभेला ठेवलं होतं. खरं म्हणजे पूर्वी दोन असायची, पोरगा म्हणाला, एक मालकाचं, एक सरकारी. हे मात्र भाषांतर न करताच बाबांना कळलं. ते पुढे गेले आणि कुलपाला हात लावला. आमच्याकडेही दोनच. एक किल्ली बाबांकडे, एक एक्साइजच्या इन्स्पेक्टरकडे, दोघं मिळून आल्याशिवाय टाकीचा वॉल्व्ह उघडायचा नाही. इन्स्पेक्टर रजेवर गेला की बाबांचा दिवस खोळंबायचा. इथे १८९७ मध्ये कर्नल टेलर नावाचा डिस्टिलरीवाला आणि मंडळींनी सरकारच्या मागे लागून कायदाच करून घेतला. एका डिस्टिलरीची, एका हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी कुलपात मुरलेली, ५० टक्क्यांची असेल तरच ‘बॉटल्ड इन बाँड’. त्याआधी बाजारात काहीही चालायचं. साफ स्पिरिट घ्यायचं, त्यात जळकी साखर, आलुबुखाराचा रस, तंबाखूचं पाणी, आणि झाली जुनी व्हिस्की तयार. असं करणाऱ्यांना ‘रेक्टिफायर’ म्हणायचे. मी तो शब्द तसाच सांगितला. बाबा म्हणाले, ‘‘रेक्टिफाइड स्पिरिट.’’ त्यांच्या मालाचं नाव. मग काही बोलले नाहीत.

घटीचं मात्र त्यांनी विचारलं. इथे पिपातून दर वर्षी तीन-चार टक्के उडून जातं. बारा वर्षांच्या पिपातलं साधारण एक तृतीयांश नुसतं हवेत गेलेलं असतं, आणि बाहेरच्या त्या काळ्या बुरशीच्या पोटात. याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बाबांनी आयुष्यभर महिनाअखेरीला घटीचा तक्ता भरला. ठरवून दिलेल्या टक्केवारीच्या वर एक लिटर गेलं तरी खुलासा द्यायचा, लेखी. त्या दिवशी घरात रेडिओ लागायचा नाही. एकदा मोठी घट आली होती, वॉल्व्ह गळत होता हे नंतर सापडलं, पण मधले तीन आठवडे गावात काय काय बोललं गेलं ते आईला पाठ आहे. बाबांनी वर, अंधारात गेलेल्या पिपांच्या ओळींकडे बघितलं. ‘‘इथे घट देवाच्या नावावर लिहितात,’’ ते म्हणाले, आणि हसले. त्या दिवसातलं तेवढंच.

बर्बनचं पीप दुसऱ्यांदा बर्बनला चालत नाही, कोरंच लागतं. हे ऐकून बाबा अस्वस्थ झाले. एवढं चांगलं लाकूड एकदा वापरून टाकतात? टाकत नाहीत, विकतात. स्कॉटलंडला जातात, आणि गोव्यात कुंकळ्ळीलाही जातात, पॉल जॉन नावाची तिथली सिंगल माल्ट व्हिस्की अशाच पिपांत मुरते. गोव्याच्या उकाड्यात घट इथल्या दुपटीच्या घरात जाते. ‘‘तिथल्या केमिस्टला विचारायला पाहिजे तो तक्ता कसा भरतो,’’ बाबा म्हणाले.

शेवटी चाखायची खोली. लांब टेबल, प्रत्येकासमोर चार छोटे पेले. आईनं बाजूची चॉकलेटं खाल्ली, तीन, आणि म्हणाली छान आहेत, आत काय आहे? त्यांना बर्बन बॉल म्हणतात. मी म्हटलं, बदाम. दिवसातलं माझं दुसरं भाषांतर. बाबांनी एकेक पेला नाकाशी धरला. डोळे मिटलेले, पेला जरा तिरका, तोंड किंचित उघडं. प्रयोगशाळेत ते असेच उभे राहायचे, मी दप्तर घेऊन दारात थांबलेली असायचे. ‘‘काकवी,’’ ते म्हणाले. ‘‘चुलवाणावरून उतरवतानाची.’’ पुढचा पेला. ‘‘लवंग आहे. आणि सुकं खोबरं. डब्यात तळाशी राहिलेलं.’’ हे मात्र मी शब्दन्‌शब्द सांगितलं, काकवी म्हणजे काय तेही. पोराचा चेहरा उजळला. तो म्हणाला, लवंगेत जे युजेनॉल असतं तेच जळलेल्या ओकमध्ये तयार होतं, खोबऱ्याचा वास ओकच्या लॅक्टोनचा, व्हॅनिला येतो तो लिग्निन तुटून. लिग्निन म्हटल्यावर बाबांनी मान हलवली. बगॅसमध्ये ढिगांनी असतं ते, आम्ही बॉयलरमध्ये जाळलं. दोघं माझ्यामधून पाचेक मिनिटं बोलत होते, आणि मग मला जाणवलं की ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

मग बाबांनी आपले चारही पेले हळूच माझ्यापुढे सरकवले. ‘‘तू घे. वाया नको जायला.’’

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. नवऱ्याबरोबर, मैत्रिणींबरोबर घेते अधूनमधून. आईबाबा यायच्या आदल्या रात्री बाटल्या गॅरेजमधल्या खोक्यात जातात, वर ख्रिसमसचे दिवे. त्यांना माहीत असेल असं कधी वाटलं नव्हतं, पण ज्या माणसानं नाकावर संसार केला त्याच्या नाकाला काय कळत नसेल? मी आईकडे बघितलं. ती चौथ्या चॉकलेटचा कागद सोडवत होती. मी घोट घेतला. आधी गोड, मग जिभेच्या कडांना मिरी, मग छातीत ऊब, आणि सगळं ओसरल्यावर टाळूला लागून राहिलेलं काहीतरी जळकं-गोड, पुरणाचं भांडं खरवडून खाल्ल्यासारखं. बाबा बघत होते. ‘‘काय लागतं?’’ त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांत कुणाला विचारला नसेल असा प्रश्न. मी म्हटलं, तुम्ही म्हणालात तेच लागतं. खोबरं सोडून.

परतताना अंधार झाला. आई झोपली होती. बराच वेळ नुसता टायरचा आवाज. मग बाबा म्हणाले, ‘‘नंतरची आठ वर्षं मला बॉटलिंगला दिलं होतं, आठवतं का?’’ आठवत होतं. मळीचं स्पिरिट, बोअरचं शुद्ध केलेलं पाणी, कॅरमल, इसेन्स. टाकी ढवळायची, रंग नमुन्याच्या बाटलीशी लावून बघायचा. युरोपात असल्या मालाला व्हिस्की म्हणू देत नाहीत. आपल्याकडे व्हिस्की पिणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या पेल्यात तीच असते, आणि कुणाचं काही अडत नाही. ‘‘चार तासांत व्हायची,’’ ते म्हणाले. ‘‘आधी मी चव काढून टाकायचो, मग मीच बाटलीतून घालायचो.’’ यात खंत होती की नुसती नोंद, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी हीटर कमी केला.

२०२५ च्या फेब्रुवारीत बाबांनी व्हॉट्सॲपवर कात्रण पाठवलं. भारतानं बर्बनवरचं आयातशुल्क दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आणलं होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘बोर्बन स्वस्त होणार.’ आणि दोन मिनिटांनी, ‘तो मुलगा १६० च्या वर का नेत नाही म्हणाला होता? नीट सांग.’ मी रात्री बसून मोठा मेसेज लिहिला. स्पिरिट जितकं वर न्याल तितकं धान्य सुटत जातं, फळांसारखे वास देणारी एस्टर, जड अल्कोहोलं, तेलकट आम्लं सगळी मागे राहतात. ती थोडी दारूत राहिली तरच लाकडाशी बोलायला काही उरतं. हवेशी, ओकशी त्यांची वर्षानुवर्षं अदलाबदल होते आणि आधी जे नाकाला खुपतं तेच पुढे फळ वाटायला लागतं. आणि मग तो शब्द लिहिला. तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं, बाबा, कायद्यानं अशुद्धच ठेवतात. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

पंधरा दिवसांनी फोटो आला. खिडकीच्या कट्ट्यावर काचेची बरणी, लोणच्याची असावी, त्यात पाण्यासारखं काही आणि तळाशी काळा ठोकळा. बरणीवर त्यांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी: तारीख, ४२.८%, ‘फणस, जाळलेला’. मी फोन केला. गोष्ट अशी की बाबा स्वतः, पायी, टोपी घालून, देशी दारूच्या दुकानात गेले आणि रांगेत उभं राहून बाटल्या घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदार एकेकाळी त्यांच्याच हाताखाली होता, तो पैसे घेईना. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली म्हणे. घरी येऊन माळ्यावरचा फणसाचा पाट काढला, आईच्या माहेरचा, कोकणातला, एका बाजूनं चिरलेला. करवतीनं तुकडा कापला आणि गॅसवर धरला. ‘‘संत्र्याचा इसेन्स आहे मेल्यांच्या मालात,’’ बाबा चिडून सांगत होते. ‘‘वासाचं काही खरं नाही. मी फक्त रंग बघतोय.’’

रंग मात्र दोन दिवसांत आला, पिवळाधमक. फणसाच्या लाकडात मुळातच पिवळा रंग असतो, त्यानं कापड रंगवतात. बाबांनी तो बाद ठरवला. मग बाभूळ झाली, मग जांभूळ. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी बरण्या दिसतात, मग आईबाबा. जांभळाची बरणी आता चहाच्या रंगावर आलीय. बाबा झाकण उघडतात, थेंब तळहातावर घेतात, चोळतात, ओंजळ नाकाशी नेतात, आणि मी हजारो मैलांवरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसते.

‘‘काय येतंय?’’

‘‘संत्रं,’’ ते म्हणाले परवा. ‘‘आणि त्याच्या मागे काहीतरी आहे. अजून कळत नाही. चार वर्षं म्हणाला ना तो पोरगा?’’

बाबा पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी फोन बरणीजवळ नेला. पातळी खाली गेली होती, मूळ रेघेच्या बोटभर खाली, आणि नव्या रेघेपुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं: घट, देवाकडे.

मागून आईचा आवाज आला. ‘‘चार वर्षं ठेवा नाहीतर चाळीस. आधी ती खिडकीतून काढा. दूधवाला बघतो.’’